पुसलेले आकडे

गणिताशी माझे लहानपणी मुळीच सख्य नव्हते. मराठीचे पुस्तक हाती आले की मी जेवणवेळ विसरत असे. पण फळ्यावर बेरीज-वजाबाकी उमटू लागली की माझी नजर आपोआप खिडकीबाहेरच्या चिंचेकडे वळे. पुढे मी मराठी घेऊनच एम. ए. झालो, आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आता साठी उलटली आहे. मांजरीतल्या माझ्या घराच्या ओट्यावर दर शनिवारी संध्याकाळी शेजारपाजारची मुले जमतात. ती कविता म्हणण्यासाठी जमत असतील, असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. ती जमतात अंकांची कोडी सोडवण्यासाठी! माझे जुने सहकारी हे पाहून हसतात. त्यांनी हसावे, मलाही कधी कधी हसू येते.

गणिताविषयीच्या माझ्या भयाचे मूळ मला फार उशिरा सापडले. ते गणितात नव्हते. माझ्या लाडक्या मराठीतच होते. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा तोंडातून आधी पाच बाहेर पडतात आणि मागून वीस येतात. हात मात्र आधी दोन लिहितो आणि मग पाच. तोंड एका वाटेने जाते, हात दुसऱ्या वाटेने. मी तोंडाचे ऐकत असे आणि २५ च्या जागी ५२ लिहून मोकळा होत असे. 'एकोणतीस' तर त्याहून खट्याळ. त्यात ना दोनाचे नाव, ना नवाचे. अजून न आलेल्या तिसांचेच नाव घेऊन तो शब्द उभा राहतो. आणि 'दोनशे पाच' असे ऐकले की मी आधी २०० लिहून त्याला निमूटपणे ५ जोडी. झाले २००५! दोनशे पाच माणसांच्या जागी मी दोन हजारांची पंगत बसवत असे.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'प्रमाणेच 'वीस एक' असेही वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उसळला. मी मराठीचा शिक्षक. मला 'बावन्न', 'त्रेसष्ट', 'सत्त्याण्णव' हे शब्द जुन्या दागिन्यांसारखे प्रिय आहेत. ते लोपावेत असे मला कधीही वाटणार नाही. तरीही त्या वादात मी गप्प राहिलो. कारण २५ ला ५२ लिहिणारा एक मुलगा मला चांगलाच आठवत होता.

हा मुलगा अंकांच्या वाटेला पुन्हा कसा लागला, ती हकीकत सांगतो.

साल १९७१. मांजरी तेव्हा पुणे शहरात नव्हती. महानगरपालिकेत ती आली २०२१ साली. त्या वेळी मुळा-मुठेच्या काठी ऊस आणि भाजीचे मळे होते, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या आणि पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्यांवर आमची घड्याळे चालत. माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्या मळ्यातली भाजी बैलगाडीने पुण्याच्या बाजारात नेत. आमच्याबरोबर आणखी आठ घरांची भाजीही त्याच गाडीत जाई. अण्णांना सहीपुरते अक्षर येत होते. म्हणून नऊ घरांच्या हिशेबाची वही माझ्याकडे आली होती. मी सहावीत होतो आणि त्या वहीचा मला केवढा अभिमान! कोणाचा माल किती, भाव काय, रक्कम किती, हे मी निळ्या शाईने रकाने पाडून लिहीत असे.

एका रविवारी मीही गाडीबरोबर बाजारात गेलो. माल विकला गेला, मी सगळ्यांच्या रकमा लिहिल्या, आडत्याने दिलेली पट्टी वहीत ठेवली आणि वही टोपलीखाली सरकवून परतीच्या वाटेवर गाडीत झोपी गेलो. टोपलीत न विकलेली, पाणी मारलेली भाजी होती. घरी येऊन वही काढली तो काय! पट्टीचा लगदा झाला होता. वहीच्या पानाचा वरचा भाग कसाबसा वाचता येत होता. पण खालची शेवटची ओळ निळ्या पाण्याखाली बुडाली होती. ती ओळ आजींची होती.

आजी म्हणजे आमच्या शेजारच्या मळ्यातली म्हातारी. सारी वाडी तिला आजी म्हणे. अण्णा मात्र आत्या म्हणत. घरात कर्ता पुरुष नव्हता. अर्धा एकर मेथी-कोथिंबीर ती स्वतःच्या हातांनी पिकवी. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती दौंडला जाणार होती. लेकीचे बाळंतपण होते आणि मेथीचे पैसे तिला त्यासाठीच हवे होते. दिवेलागणीला ती दारात येऊन उभी राहिली.

मी वही उघडून दाखवली. जुड्यांच्या रकान्यात नुसता निळा डाग. रकमेच्या रकान्यात पहिला आकडा ६, मग डाग, मग रुपये-पैशांमधला टिंब, पुन्हा डाग, आणि शेवटी ८. म्हणजे साठ ते एकोणसत्तरच्या दरम्यान रुपये, आणि पैशांच्या शेवटी आठ. बाकी काही नाही.

अण्णा म्हणाले, "आत्या, सत्तर रुपये घे. उरलंसुरलं मागाहून बघू."

आजीने मान हलवली. "सत्तर कशापायी? जास्तीचं मी का घ्यावं? आन कमी तू का द्यावं? मला धर्म नको बाबा. माझं जेवढं हाय तेवढं दे."

पिशवीतल्या एकूण पैशांवरून तरी काढावे, तर परत येताना अण्णांनी पेंड आणि बियाणे घेतले होते आणि त्याचा हिशेब कोणी लिहिला नव्हता. आडत्याच्या वहीत नोंद असणार. पण पुण्याची पुढची खेप होईपर्यंत आजी दौंडला पोहोचलेली असणार. अण्णा मला रागावले नाहीत. त्यांनी ती ओली वही माझ्यापुढे ठेवली आणि ते ओसरीवर जाऊन बसले. त्यांनी दोन चपराका दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. वही बिघडली ही गोष्ट सकाळी आठही घरांत कळणार होती. अक्षर न येणारा माणूस नऊ घरांचा माल विकतो, तो केवळ शब्दावर. आणि तो शब्द मी टोपलीखाली ठेवला होता.

मी कंदील आणि वही घेऊन मारुतीच्या देवळामागे राहणाऱ्या आमच्या गुरुजींकडे गेलो. रडत रडत सारे सांगितले. गुरुजींनी पान कंदिलासमोर धरून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती वगैरे काही दिसेना. उलट डोळे चमकले.

"अरे, हे तर कोडं आहे! रडतोस काय? भाव आठवतो?"

भाव ठाऊक होता. आमचीही मेथी त्याच भावाने गेली होती: शेकडा अठरा रुपये.

"म्हणजे एक जुडी अठरा पैशांना. आता रुपये विसर. सगळे पैसेच धर. रक्कम चार अंकी. हजाराच्या घरात सहा, एककाच्या घरात आठ. मधली दोन घरं रिकामी. म्हणजे रक्कम ६,००० ते ६,९९९ पैशांच्या आत. मग जुड्या किती ते किती?"

मी पाटीवर गुणाकार केले. ३३३ जुड्यांचे ५,९९४ पैसे होतात. ते कमी पडले. ३८९ जुड्यांचे ७,००२ होतात. ते जास्त झाले. म्हणजे जुड्या ३३४ ते ३८८ यांच्या आतच असल्या पाहिजेत.

"तर मग शतकाच्या घरात कोण राहतं?"

"तीन!"

"एक घर भरलं. आता एककाचं घर. जुड्यांना अठराने गुणलं की शेवटी आठ येतात. अठराच्या एककात आठ आहेत. आठाला कशाने गुणलं की शेवटी आठच येतात?"

मी आठाचा पाढा म्हणू लागलो. आठ एके आठ. पुढे अठ्ठेचाळीसपाशी थांबलो. "एक किंवा सहा, गुरुजी."

"छान. पण दोघांपैकी कोण? आजी जुड्या बांधतात कशा?"

हा प्रश्न मला गणिताचा वाटलाच नाही. तरी मी धावत घरी गेलो. आजी उंबऱ्यावरच बसली होती. तिला विचारले, तेव्हा ती जरा रागावून म्हणाली, "बारा-बारा जुड्यांची गाठ मारते मी. सुटी जुडी आजवर दिली न्हाई कुणाला."

मी उड्या मारत परत आलो. गुरुजी म्हणाले, "जुड्या बाराच्या पटीत आहेत. बाराची पट म्हणजे सम संख्या. मग एककात एक असेल?"

"नाही! सहाच."

"शतकात तीन, एककात सहा. दशकाचं दार बंद आहे; ते ठोठावायचं. ३३४ ते ३८८ यांच्या आत म्हणजे दशकात तीनपासून आठपर्यंत कोणीही असेल. बाराने भाग जातो म्हणजे तीननेही जाणार. तीनने भाग जायला काय लागतं?"

"अंकांची बेरीज तीनच्या पटीत लागते."

"तीन आणि सहा मिळून नऊ झालेच आहेत. मधे कोण बसला तर बेरीज बिघडणार नाही?"

"तीन किंवा सहा." आता ३३६ आणि ३६६ या दोनच संख्या उरल्या. माझा श्वास अडकला होता.

"बाराने भाग जातो म्हणजे चारनेही गेला पाहिजे. शंभराला चारने भाग जातोच. म्हणून शतकाकडे बघू नकोस. शेवटचे दोन अंक बघ."

छत्तीसला चारने भाग जातो. सहासष्टला जात नाही. तीनशे छत्तीस! मी पाटीवर ३३६ ला १८ ने गुणले. उत्तर आले ६,०४८. पहिला सहा, शेवटचा आठ. पाण्याने पुसलेले दोन आकडे होते शून्य आणि चार. साठ रुपये अठ्ठेचाळीस पैसे.

आम्ही दोघे घरी आलो. अण्णांनी पैसे मोजून आजीच्या ओंजळीत ठेवले. आजीने गुरुजींना विचारले, "नेमकं एवढंच न्हवं?" गुरुजींनी मान डोलावली. १९५७ साली दशमान नाणी आली, तरी आजीचा जीव आण्यांतच होता. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हंजी साठावर दोन पैसं कमी आठ आणं." मग पदराला गाठ मारून ती गेली. पुढच्या खेपेला अण्णांनी मला पुन्हा बाजारात नेले आणि आडत्याची वही उघडायला लावली. तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: जुड्या ३३६, रुपये ६०.४८. अण्णा काही बोलले नाहीत. येताना त्यांनी मेणकापड विकत घेतले आणि वहीला त्याचे वेष्टन घातले.

त्या रात्रीपासून संख्या मला निराळ्या दिसू लागल्या. तोवर ३३६ म्हणजे मला एक अखंड दगड वाटे. आता तिच्यात तीन घरे दिसू लागली. एकाच तिनाला एका घरात तीनशेचा मान आणि शेजारच्या घरात तिसांचा. वाक्यात शब्दाची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे मला मराठीने शिकवले होते. तोच न्याय इथेही होता. आणि शून्य! ज्याला स्वतःची काहीच किंमत नाही, तो जागा धरून बसला नसता तर आजीचे साठ रुपये सहा झाले असते.

पुढे मुख्याध्यापक झाल्यावर मला याचा एकदा चांगलाच उपयोग झाला. सहलीच्या वर्गणीत सत्तावीस रुपयांचा फरक येत होता. आम्ही दोघे-तिघे तासभर पावत्या चाळत बसलो. मग माझ्या लक्षात आले की सत्तावीसला नऊने भाग जातो. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. कारण एककातला अंक दशकात गेला की त्याची किंमत नऊपटीने वाढते आणि दशकातला एककात आला की तितक्याच पटीने घटते. शोधले तेव्हा सापडले: कोणीतरी 'अठ्ठावन्न' असे सांगितले होते आणि ऐकणाऱ्याने आधी आठ, मग पाच लिहून ८५ केले होते. ऐकणारा मीच होतो, हे सांगायला हरकत नाही. सवयी सहजासहजी सुटत नाहीत.

अंकांच्या घरांशी खेळण्याचा हा नाद आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली. तिच्यात 'अंकपाश' नावाचे एक प्रकरण आहे. त्यात त्यांनी विचारले आहे की, पाच घरांत शून्याखेरीज कोणतेही अंक ठेवून त्यांची बेरीज तेरा यावी, तर अशा संख्या किती होतील? उत्तर आहे ४९५. एवढा मोठा ज्योतिर्विद. पण कोडे घालताना त्याच्यातला मूल जागा झालेला दिसतो.

आणि अगदी आपल्या काळातले म्हणाल, तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. विद्यापीठ नाही, मोठी पदवी नाही. शाळा सुटली की हा मनुष्य आणि त्याचे अंक. पुष्कळांनी त्यांचा हा छंद पोरखेळ ठरवला. त्यांनी तो सोडला नाही. १९७५ साली अमेरिकेतले कोड्यांचे प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर गेले.

त्यांचा सर्वांत सुंदर शोध तुम्हाला पाटी-पेन्सिलीने करून पाहता येईल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. ओट्यावरच्या मुलांना मी कापरेकरांचे जन्मसालच घ्यायला सांगतो, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग येतात ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. आणखी पुढे गेलात तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४! तिथून सुटका नाही. कोणतीही संख्या घ्या, सात खेपांच्या आत तुम्ही तिथेच पोहोचता. म्हणून ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. यात एक पथ्य पाळायचे: वजाबाकीत तीनच अंक उरले तर पुढे शून्य लिहून चार घरे भरायची. ओट्यावरची निम्मी मुले इथेच चुकतात आणि मग "आजोबा, माझं येत नाही" म्हणून ओरडतात.

गेल्या शनिवारी एक नवीन मुलगी आली होती. कोपऱ्यात बसून राहिली. गणित येत नाही, असे तिच्या आईने मला आधीच सांगून ठेवले होते, तेही तिच्यादेखत. मी तिला काही विचारले नाही. सर्वांसाठी एक कोडे घातले. तीन अंकी संख्या. शतकातला अंक एककातल्या अंकाच्या दुप्पट. तिन्ही अंकांची बेरीज बारा. आणि ती संख्या उलटी लिहिली तर २९७ ने कमी होते. मुले भराभर पाट्या खरडू लागली. ती मुलगी मात्र काहीच लिहीना; नुसती ओट्याच्या फरशीवर तीन चौकोन काढून त्यांत बोट फिरवत होती. थोड्या वेळाने तिने एका चौकोनात बोट रोवले आणि माझ्याकडे पाहिले.

तिचे उत्तर मी इथे लिहीत नाही; तुम्हीच काढा. आणि सापडले की ते उलटे वाचून पाहा. ती संख्या तुमच्या ओळखीची आहे.